करीच्या दिवशी लेक परत नेताना

कोर्टानं मला महिन्यातले दोन शनिवार दिले आहेत, दुसरा आणि चौथा. सकाळी दहाला मंगरूळपीरच्या बसस्थानकावर, चौकशीच्या खिडकीसमोर, मुलीला ताब्यात घ्यायचं आणि संध्याकाळी पाचला तिथंच परत द्यायचं. 'ताब्यात' हा शब्द माझा नाही, हुकुमातला आहे. पहिल्यांदा वाचला तेव्हा माझं डोकंच फिरलं. ताब्यात घेतात ती चोरीची मोटरसायकल, माणसाची लेक नाही. पण पुढे मीही तोच शब्द वापरायला लागलो, कारण दुसरा कोणता वापरावा ते सुचेना.

मी राहतो आसेगावात. शेतातल्या पाण्याच्या मोटारी जळाल्या की त्या बांधून, म्हणजे आतली तार नव्यानं गुंडाळून, द्यायचं माझं दुकान आहे. लेकीची आई, म्हणजे माझी पूर्वीची बायको, मंगरूळपीरला माहेरी राहते आणि एका कापडाच्या दुकानात काम करते. आमचं का मोडलं ते मी इथं सांगणार नाही. आजवर ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी पदरची भर घालून ते पुढे सांगितलं, आणि आता मूळ गोष्ट मलाही ओळखू येत नाही. लेक पाच वर्षांची आहे, आईजवळ राहते आणि ते मला मान्य आहे. एवढं पुरे.

लोकांना वाटतं, अशा माणसाला एकटेपणा खायला उठत असेल. एकटेपणाचं काय घेऊन बसलात! मला भीती वाटते, आणि ती घड्याळाची वाटते. माझ्या वकिलांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "पाच म्हंजे पाच. उशीर केला की त्यायचा अर्ज तयारच हाय. लेकरू पळवून न्याचा इरादा होता म्हनतीन. मंग तुमची भेट कोर्टाच्या खोलीत, शिपायाच्या समोर. आन् तिच्या मायले फोन करू नका. बोलनं रेकार्ड होते, आन् उलटं वाचलं जाते." मी मान डोलावली. तेव्हापासून शनिवारी माझ्या मोटरसायकलची टाकी भरलेली असते, डिकीत पंक्चरचं सामान असतं आणि पाचच्या कितीतरी आधी मी बसस्थानकाच्या पायरीवर बसलेलो असतो. लेक आईसक्रीम खाते आणि मी घड्याळ खातो.

ही भीती नुसती उशिराची असती तर परवडली असती. लेक अंगणात धावताना पडली आणि गुडघा खरचटला, तर मी हातातलं टाकून धावतो. त्या धावण्यात काळजी किती आणि 'आता हे खरचटलेलं तिकडे दाखवावं लागेल' हे किती, याचा हिशोब मला लागत नाही. तिला शिंक आली तरी मी आभाळाकडे पाहतो. शेजारची पोरं चिंचेवर चढतात, ती खाली उभी राहून बघते, कारण मी तिला चढू देत नाही. एकदा तिनं विचारलं, "बाबा, तुमी मले भेता काय?" मी हसलो आणि विषय बदलला. पोर बरोबर बोलली होती.

यंदा पोळा शुक्रवारी आला. दुसऱ्या दिवशी चौथा शनिवार. म्हणजे माझा दिवस नेमका करीवर आला, आणि ते माझ्या ध्यानातही आलं नाही.

आमच्याकडे पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे कर. पोळ्याला दाराशी पळसाच्या फांद्या लावतात. करीच्या पहाटे त्या उपटायच्या, घराघरातून खोकला, ताप, माशा, डास, सगळी इडापिडा सोबत न्यायची आणि ओरडत ओरडत गावाच्या शिवेवर नेऊन टाकायची. मग दिवसभर त्या शिवेवरून कुणी बाहेर जात नाही. सासरी निघालेली लेक एक दिवस थांबते, व्यापारी माल हलवत नाही. तान्ह्या लेकराला तर उंबऱ्याबाहेरही सांभाळूनच काढतात. त्याच दिवशी संध्याकाळी तान्हा पोळा असतो. लाकडाचे छोटे बैल सजवून लेकरं मारुतीच्या पारापाशी जमतात, आणि थोरली माणसं त्यांना खाऊ देतात.

सकाळी दहाला तिचा मामा तिला घेऊन आला. आम्ही एकमेकांशी बोलत नाही. तो पोरीचा हात सोडतो, मी धरतो, एवढाच आमचा व्यवहार. घरी पोहोचलो तर माझी आई वाटच पाहत होती. तिनं नातीसाठी हिरवं पोलकं आणि काठाचा परकर शिवून ठेवला होता. सुताराकडून लाकडी बैल आणवून त्याला घरीच रंग दिला होता. नातीनं आल्या आल्या अंगातले कपडे काढून टाकले आणि नवे घालूनच ती जेवायला बसली. बैलालाही तिनं पुरणपोळीचा तुकडा दिला. मी सारखा घड्याळ पाहत होतो, पण त्या दुपारी मलाही थोडं बरं वाटलं होतं, हे खरं आहे.

चार वाजत आले आणि मी चावी हातात घेतली. आई दारातच बसली होती. उंबऱ्यावर कधी बसत नाही ती, पण त्या दिवशी बसली.

"कुठं निंगाला?"

"पाचले पोहचवाचं हाय तिले."

"आज कर हाय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "माय, कोर्टाले कर माहीत नाई," मी म्हणालो.

"कोर्टाले नसन माहीत. तुले तं हाय ना? सकाळी आख्ख्या गावाचा ताप, खोकला शिवेवर नेऊन टाकला. त्याच्यातून नेतं काय पोरीले? अन् अजून तिचा बैल पारापाशी गेला नाई. उद्या सकाळी ने. मी सोता येतो सोबत, अन् सांगतो तिच्या मायले."

"सकाळी आणली तवा काहून नाई बोलली?"

"घरी येनं चालते. घरून जानं चालत नाई," आई म्हणाली. कायद्याची एवढी बारीक फोड आमच्या वकिलालाही जमली नसती.

मी चिडलो. ओरडलोही. लेक बैलाची दोरी धरून आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहत होती. मग आई रडायला लागली आणि मला ते सहन होत नाही. मला नीट माहीत होतं की शिवेवर पळसाच्या सुकलेल्या फांद्यांपलीकडे काही नाही. पण आईच्या डोळ्यांतली भीती खरी होती. आणि खोटं कशाला बोलू, लेक समोर उभी असताना आईची थोडी भीती माझ्यातही उतरली. पोरीला उद्या ताप आला तर? आई जन्मभर म्हणेल. मीही म्हणेन.

शेवटी तडजोड आईनंच काढली. सकाळी फांद्या टाकल्या होत्या त्या मोठ्या रस्त्याच्या शिवेवर. तिथून न जाता पांदणीनं जायचं. पांदण म्हणजे शेतांमधून जाणारी बैलगाडीची वाट. ती गावाच्या मागून निघते, फेरा मारून पुढे डांबरी रस्त्याला लागते. त्या बाजूनं कुणी काही टाकलेलं नव्हतं. आईनं नातीच्या कपाळाला अंगारा लावला, तिच्या पिशवीत सकाळचे कपडे आणि बैल भरला आणि वाटेतून उठली. मला वाटलं, आईचंही राखलं आणि कोर्टाचंही.

ऑगस्टात पांदणीनं मोटरसायकल घालायची हे बुद्धी गहाण टाकल्याचं लक्षण आहे. दोन दिवस उघाड होती म्हणून मी धजलो. वरची माती वाळलेली दिसत होती. सोयाबीनच्या दोन शेतांमधून नीट गेलो, आणि तिसऱ्याच्या धुऱ्याशी, म्हणजे बांधाशी, मागचं चाक रुतलं. काळ्या मातीचा चिखल कसा असतो ते आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. तो चाकाला नुसता लागत नाही. चाक आणि मडगार्ड यांच्या मध्ये ठासून भरतो, आणि मग चाक फिरतच नाही. मी लेकीला धुऱ्यावर उभं केलं, तुरीची काडी मोडून चिखल कोरायला बसलो. दहा पावलं गाडी ढकलावी, पुन्हा कोरावं. अंगातून घाम गळत होता. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. करीच्या दिवशी शेतात कोण येणार?

पाच वाजले ते मी घड्याळात पाहिले. मी काडी खाली टाकली. आता तिकडे तो मामा घड्याळ पाहत असेल. आता ठाण्यात जाईल. आता वकिलाला फोन. अर्जाची भाषा मला पाठ होती, तीच डोक्यात वाजायला लागली. खिशात फोन होता. तिच्या आईचा नंबर त्यात होता. मी तो काढला, पाहिला आणि परत ठेवला. बोलणं रेकॉर्ड होतं, उलटं वाचलं जातं. काय सांगणार होतो मी? तुझ्या लेकीला घेऊन आडवाटेनं निघालोय आणि शेतात अडकलोय? मला स्वतःलाच ते खोटं वाटलं असतं.

"बाबा," लेक धुऱ्यावरून म्हणाली, "हा रस्ता आपला नाई ना?"

"दुसरा हाय, बेटा. हाबी तिथंच जाते."

तिनं पांदणीच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं. मग तिनं विचारलं, "आपन पळून चाल्लो काय?"

मी चिखलातून तोंड वर केलं. "कोन सांगतलं तुले असं?"

"मामानं. बाबानं दुसऱ्या रस्त्यानं नेलं तं जोरात ओरडाचं म्हने." मग, अगदी समजूतदारपणे, मला अडचण होऊ नये अशा आवाजात तिनं विचारलं, "मी ओरडू काय?"

मला मामाचा राग यायला हवा होता. पुढे आलाही. पण तेव्हा मात्र मला थंडी वाजली. भर उकाड्यात, घामानं भिजलेल्या अंगानं. पाच वर्षांचं लेकरू आणि मी, चहूकडे कमरेएवढं पीक, आणि तिला शिकवलेल्या सगळ्या खुणा माझ्याशी जुळत होत्या. दुसरा रस्ता होता. उशीर होता. बाप होता. ती ओरडली असती तर बरोबरच केलं असतं.

"ओरडाचं असन तं ओरड," मी म्हणालो. "पन आपन आईकडेच चाल्लो."

तिनं जरा विचार केला. ओरडली नाही. काठावर बसून पिशवीतला बैल काढला आणि त्याच्याशी बोलायला लागली. मधून मधून माझ्याकडे पाहत होती. ती नजर सकाळची नव्हती. मी पुन्हा काडी उचलली. मोटारीतली तार गुंडाळताना माझा हात कधी चुकत नाही, त्या दिवशी साधा चिखल निघता निघेना. शेवटी मडगार्डचे नटच काढले, मडगार्ड तुरीत फेकून दिलं आणि गाडी बाहेर काढली.

डांबरी रस्त्याला लागलो तेव्हा सहा वाजून गेले होते. तिला पुढे टाकीवर बसवलं. समोरून पोलिसांची गाडी येते का, तेच मी पाहत होतो. एक आली, गेली. तिनं दोन्ही हातांनी माझी मनगटं धरली होती. पडू नये म्हणून धरली होती की मला थांबवता यावं म्हणून, हे मला कळेना, आणि विचारायची हिंमत नव्हती.

बसस्थानकावर पोहोचलो तर चौकशीच्या खिडकीपाशी पाच-सात माणसं जमलेली. दोन वाहक, चहावाला आणि मधोमध तिची आई. कोर्टाच्या बाहेर तिला एवढ्या जवळून मी कितीतरी दिवसांनी पाहत होतो. दुकानातून तशीच उठून आली असावी, खांद्यावर मोजायची टेप अजून लटकत होती. ती हातातला फोन एकेका माणसासमोर धरत होती. आम्ही तिच्या अगदी जवळ गेलो तरी तिनं पाहिलं नाही. एका वाहकानं आमच्याकडे पाहिलं आणि नजर फिरवली.

"आई," लेक म्हणाली.

तिची आई वळली. एक क्षण तिनं पोरीला ओळखलंच नाही. मग गुडघ्यांवर खाली बसली आणि तिला चाचपायला लागली. डोकं, हात, पाठ. मी बोलायला सुरुवात केली. पांदण, चिखल, चाक. शब्द एकावर एक पडत होते. ती काही ऐकत नव्हती.

"तुहा भाऊ कुठी हाय?" मी विचारलं. मला तेच महत्त्वाचं वाटत होतं.

"ठान्यात गेला. मी थांबवलं होतं त्याले. सहा वाजेपर्यंत थांबवलं." तिनं ओढणीनं तोंड पुसलं. "म्या म्हनलं, आज कर हाय. त्याच्या मायनं पाठवलं नसन. म्या म्हनलं, उद्या सकाळी तो घेऊन येईन."

मी तिच्याकडे पाहतच राहिलो.

"मंग आज कायले आनलं?" ती आता चिडली. "करीच्या दिवशी, अंधार पडता पडता, लेकराले? एक फोन करता आला नाई? म्या उद्याच आना म्हनलं असतं."

"वकील फोन करू नका म्हने."

"मलेबी तेच सांगतलं," ती म्हणाली.

तिनं भावाला फोन लावला आणि परत ये म्हणून सांगितलं. तक्रार अजून लिहिली नव्हती, तिथला माणूस चहाला गेला होता. मला तिथंच पायरीवर बसावंसं वाटलं. वाचलो, असं वाटलं. जमलेली माणसं पांगायला लागली. चहावाल्यानं जाता जाता तिला म्हटलं, "ताई, तुमी तं निळा फराक म्हनत होत्या. हे तं हिरवं हाय."

मी तिला विचारलं, हा निळ्या फ्रॉकचा काय प्रकार आहे. तिनं उत्तर न देता फोन माझ्यासमोर धरला. त्यात आज सकाळचा फोटो होता. लेक घराच्या भिंतीला पाठ लावून उभी, निळा फ्रॉक, पायात गुलाबी चपला. तिनं बोट फिरवलं. आधीच्या शनिवारी, तीच भिंत, पिवळा फ्रॉक. त्याआधी, लाल. एकातही लेक हसत नव्हती. बोट फिरत राहिलं आणि मला वाटलं, आता संपतील, पण संपेनात.

"तुमच्याकडे पाठवाच्या आधी काढतो," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ऐकणं जास्त अवघड गेलं. "आंगावर काय होतं ते सांगता आलं पाहिजे ना. वेळेवर आठवत नाई म्हन्तात."

इतके दिवस मी त्या लोकांना भीत होतो. माझी लेक माझ्यापासून तोडतील, म्हणून भीत होतो. दर शनिवारी तिकडे कुणीतरी त्या भिंतीपाशी उभं राहून मला भीत होतं, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

आईच्या हातात फोन पाहिला तशी लेक आमच्यातून निघाली. चौकशीच्या खिडकीखालच्या भिंतीला पाठ लावून सरळ उभी राहिली. हात बाजूला, मान ताठ. तिच्या एका पायात चप्पल नव्हती, ते मला आत्ता दिसलं. ती पांदणीतच कुठेतरी राहिली असावी. तिनं तो चिखलाचा पाय दुसऱ्या पायामागे नेला.

"नाई गं, फोटो नाई काढत आता," तिची आई म्हणाली. "चाल घरी."

लेक हलली नाही. "माहे कपडे बदलले ना," ती म्हणाली. "मंग मी पोलिसाले कशी सापडीन?"

तिच्या आईनं माझ्याकडे पाहिलं आणि फोन वर केला. मी दोन पावलं मागे सरकलो, फोटोत येऊ नये म्हणून.